पाषाणखोऱ्यांतील शाळा आणि पाळक ओबरलिन

सुमारें पावणेतीनशें वर्षांपूर्वींची गोष्ट. फ्रान्स देशाच्या पूर्व सरहद्दीवर आल्सेस नांवाचा प्रांत आहे व त्याच्या पश्चिमेस व्होज पर्वताची रांग पसरली आहे. त्या रांगेंतील एका आडबाजूच्या खोऱ्यांत इ. स. १७५० सालीं श्टूबर नांवाचे एक तरुण पाळक नेमणुकीवर आले. आल्यावर त्यांनीं पहिली चौकशी केली ती शाळेची. लोकांनीं त्यांना एका झोंपडींत नेलें. आंत पुष्कळ मुलें दाटीनें बसलीं होतीं व मनसोक्त गोंगाट करीत होतीं. पंतोजी कोठें आहेत असें विचारतां मुलांनीं कोपऱ्यांतील अंथरुणाकडे बोट दाखविलें. त्यावर एक जराजर्जर म्हातारा पडला होता. तूं काय शिकवितोस असें पाळकांनीं विचारतां, आपण कांहींच शिकवीत नाहीं, कारण आपणांस कांहींच येत नाहीं, असें त्यानें अगदीं सरळपणानें सांगितलें. मग त्याची नेमणूक झाली तरी कशी, याचाहि उलगडा त्यानें केला. तो पुष्कळ वर्षें गांवचीं डुकरें राखीत असे. वयोमानामुळें डुकरांमागें धांवणें होईनासें झालें, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्याला मुलें राखावयास दिलीं.

ही हकीकत वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं. त्या म्हाताऱ्याकडे कांहींच दोष नव्हता. गांवाच्या हिशेबीं मुलांची किंमत काय होती, तें त्याच्या नेमणुकीवरून स्पष्ट दिसत होतें. अशा खोऱ्यांत शाळा कशी उभी राहिली, आणि ज्यांच्या नांवानें ती पुढें जगांत ओळखली गेली त्या योहान फ्रीडरिख ओबरलिन यांनीं तेथें आपल्या आयुष्याचीं एकोणसाठ वर्षें कशीं घालविलीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस सांगावें असें योजिलें आहे.

या खोऱ्याला फ्रेंच लोक बां द ला रोश म्हणतात. जर्मन भाषेंत त्याला श्टाइनटाल, म्हणजे पाषाणखोरें असें नांव आहे. आम्ही तेंच नांव पुढें वापरूं. खोऱ्याच्या माथ्यावर सुमारें १,१०० मीटर उंचीचें पठार आहे. पायथ्याशीं ब्रूश नदी वाहते. हिंवाळा लांब, बर्फ पुष्कळ, जमीन खडकाळ आणि ती उतारावरची. पावसाचा लोंढा आला म्हणजे होती नव्हती ती मातीहि वाहून जाई. सह्याद्रीच्या माथ्यावरील एखाद्या वाडींत भर पावसाळ्यांत जो जाऊन आला असेल, त्याला या स्थितीची थोडीबहुत कल्पना येईल. १६१८ पासून १६४८ पर्यंत मध्य युरोपांत जें तीस वर्षांचें युद्ध चाललें, त्यांत हें खोरें उजाड झालें होतें व शंभर वर्षांनंतरहि तें सांवरलें नव्हतें. वाल्डर्सबाख, बेलमों, बेलफॉस, फूदे व सोलबाख अशीं पांच गांवें मिळून एक मंडळी होती व पाळक वाल्डर्सबाख येथें राहत. गांवांना जोडणारे रस्ते नव्हते. नदी ओलांडण्यास पाण्यांत टाकलेले दगड, एवढाच पूल. लोक जी बोली बोलत ती धड शहरच्या फ्रेंच माणसाला समजत नसे, मग जर्मन भाषा बोलणाऱ्या स्ट्रासबुर्गकरांस ती कोठून समजणार? म्हणजे बाहेरचें ज्ञान आंत येण्यास वाटहि नव्हती व भाषाहि नव्हती.

ओबरलिन यांच्याकडे वळण्यापूर्वीं श्टूबर यांच्या कामाविषयीं थोडें अधिक लिहिणें आम्हांस न्यायाचें वाटतें. पुढच्या लोकांनीं सारें श्रेय एकाच माणसाच्या पदरीं घातलें, परंतु पाया श्टूबर यांनीं घातला होता. त्यांना प्रथम पाहिजे होता शिक्षक, आणि शिक्षक व्हावयास कोणी तयार होईना. ज्या पदावर म्हातारे गुराखी बसवावयाचे, त्या पदावर आपला मुलगा बसावा असें कोणत्या खात्यापित्या शेतकऱ्याला वाटेल? श्टूबर यांनीं मोठी युक्ति केली. त्यांनीं पंतोजी हें पदच मोडून टाकलें. गांवांतील हुशार तरुण निवडून त्यांना शाळांचे अधिकारी अशा अर्थाचें नवें नांव दिलें. काम तेंच राहिलें, नांव मात्र बदललें. तेवढ्यानें लाज गेली, आणि ज्या घरांतून पूर्वीं नकार मिळे त्याच घरांतून मुलगे पुढें आले.

दुसरें संकट पुस्तकांचें. श्टूबर यांनीं फ्रेंच वाचन शिकण्यासाठीं स्वतः अंकलिपी तयार केली. तींत अक्षरें, मग जोडलेलीं अक्षरें, अशी पायरीपायरीनें मांडणी होती. अर्थ नसलेल्या त्या अक्षरांच्या रांगा पाहून आईबापांच्या पोटांत भीति शिरली. यांत कांहीं मंत्रतंत्र किंवा पाखंड दडलें असावें, असा त्यांना संशय आला. कांहीं महिन्यांनीं त्यांचींच मुलें पुस्तक घडाघड वाचूं लागलीं, तेव्हां तो संशय गेला. आणि मग जें झालें तें मोठें गमतीचें आहे. धाकटीं भावंडें वाचतात व आपणांस येत नाहीं, याची थोरल्यांस शरम वाटूं लागली, थोरल्यांमागोमाग आईबापांस वाटूं लागली. हिंवाळ्यांतील संध्याकाळीं व रविवारीं मोठ्या माणसांचेहि वर्ग भरूं लागले. श्टूबर यांनीं बासल शहराहून पवित्र शास्त्राच्या फ्रेंच प्रती आणविल्या व एकेका प्रतीचे तीन तीन भाग बांधून ते घरोघर वाचावयास दिले, म्हणजे एक पुस्तक तीन घरांस पुरावें. मध्यें कांहीं वर्षें ते दुसरीकडे गेले होते, पण १७६० सालीं परत आले. १७६७ सालीं त्यांना स्ट्रासबुर्ग येथें बोलावणें आलें, व आपलें अर्धवट राहिलेलें काम कोणाच्या हातीं द्यावें या विवंचनेंत ते पडले.

ओबरलिन हे मूळचे स्ट्रासबुर्गचे. त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं झाला. वडील तेथील विद्यालयांत शिक्षक होते. थोरले बंधु यिरेमिया याकोब हे पुढें मोठे भाषापंडित म्हणून नांवाजले. याच बंधूंनीं पाषाणखोऱ्याच्या आसपासच्या बोलीवर १७७५ सालीं एक ग्रंथ छापला. ज्या बोलीची शहरांत थट्टा होई, तिला विद्वानांच्या पंक्तीस बसविण्याचें काम एका भावानें करावें व ती बोलणाऱ्या मुलांना शिकविण्याचें काम दुसऱ्यानें, हा योग आम्हांस विशेष वाटतो. धाकट्या ओबरलिन यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केल्यावर एका शस्त्रवैद्याच्या घरीं मुलांचे शिक्षक म्हणून नोकरी धरली. तेथें औषधोपचाराची जी माहिती झाली ती पुढें डोंगरांत फार उपयोगीं पडली. श्टूबर त्यांना भेटावयास गेले, तेव्हां ते माडीवरच्या एका लहानशा खोलींत दांतदुखीनें बिछान्यावर पडले होते. बिछान्याला कागदाचे पडदे होते, आणि दिव्यावर एक लोखंडी भांडें टांगलेलें होतें. त्यांतच त्यांचें रात्रीचें जेवण शिजे. एका फ्रेंच पलटणीचे पाळक म्हणून जाण्याचें त्यांचें जवळजवळ ठरलें होतें. श्टूबर यांनीं तो कागदाचा पडदा व तें भांडें पाहिलें, आणि आपणांस हवा तो मनुष्य सांपडला अशी त्यांची खात्री झाली. १७६७ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस ओबरलिन वाल्डर्सबाख येथें आले. त्यांचें वय त्या वेळीं सव्वीस वर्षांचें होतें.

लोकांनीं त्यांचें स्वागत केलें असें म्हणतां येणार नाहीं. नवा पाळक जुन्यापेक्षांहि अधिक खटपट्या आहे, हें लवकरच ध्यानांत आलें, व कांहीं तरुणांनीं त्यांना एकटें गांठून चोप देण्याचा बेत केला. ओबरलिन यांस तो कळला. ज्या घरीं बेत शिजत होता त्याच घरीं ते उपासना आटोपल्यावर स्वतः होऊन एकटे गेले व मारावयाचें असल्यास येथेंच मारा, असें त्यांनीं सांगितलें. बेत करणारे खजील झाले. चरित्रकार ही गोष्ट मोठ्या आवडीनें सांगतात. आम्हांस मात्र तिच्यापेक्षां रस्त्याची गोष्ट अधिक बोधक वाटते, कारण चोप देणाऱ्यांचें मन एका दिवसांत वळलें, रस्त्याच्या बाबतींत साऱ्या गांवाचें मन वळवावें लागलें.

स्ट्रासबुर्गला जाणाऱ्या हमरस्त्याशीं खोरें जोडावें व ब्रूश नदीवर पूल बांधावा, अशी सूचना ओबरलिन यांनीं केली. सभा भरली. हें काम अशक्य आहे, आणि आम्हांस आमचीं शेतें पडलीं आहेत, असें सर्वांनीं सांगितलें. ओबरलिन यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं कुदळ खांद्यावर टाकली, सोबत आपला गडी घेतला आणि ते चालते झाले. सर्वांत कांटेरी व अवघड जागा त्यांनीं स्वतःसाठीं निवडली होती. पाळक खडक फोडीत आहे, ही बातमी गांवांत पोंचल्यावर कोणाला घरीं बसवेना. एकामागून एक माणसें आलीं. सुरुंग लावून खडक फोडले, खालून भिंती बांधून काढल्या, आणि रोटाउजवळ नदीवर लांकडी पूल झाला. स्ट्रासबुर्गच्या स्नेह्यांनीं हत्यारांना पैसा पाठविला. खोऱ्यांत लोहार, सुतार, गवंडी नव्हते म्हणून त्यांनीं होतकरू मुलगे निवडून शहरांत ते धंदे शिकावयास धाडले, आणि ते परत आल्यावर गांवचीं कामें गांवांतच होऊं लागलीं.

शेतीच्या बाबतींत त्यांची रीत आणखी निराळी होती. शहरांत वाढलेला पाळक आम्हां शेतकऱ्यांस काय शिकविणार, असें लोक म्हणत. ओबरलिन यांनीं कोणासहि उपदेश केला नाहीं. पाळकगृहाशेजारच्या आपल्या बागा पायवाटेच्या कडेलाच होत्या. तेथें त्यांनीं खत तयार केलें, नवें बियाणें लाविलें, फळझाडांवर कलमें केलीं. येतां जातां लोक पाहत. दोन वर्षांनीं तेच थांबून विचारूं लागले. निकृष्ट झालेल्या बटाट्याच्या जागीं नवें बियाणें आलें आणि गवताच्या बरोबरीनें लसूणघांसासारखीं चाऱ्याचीं पिकें आलीं. मुलांनीं मंडळींत पूर्णपणें प्रवेश घेण्यापूर्वीं आपल्या हातानें झाडें लावलीं पाहिजेत, असा त्यांनीं नियमच केला.

आतां शाळा. श्टूबर यांच्या वेळची शाळा पडावयास झाली होती. ओबरलिन यांनीं नवी बांधण्याचा विचार काढतांच गांवकरी घाबरले. इमारत झाली म्हणजे तिच्या दुरुस्तीचा बोजा आपल्यावर बसणार, हा त्यांचा हिशेब होता, आणि गरिबाचा हिशेब म्हणून तो खोटाहि नव्हता. त्या खर्चाची तोशीस गांवाला लागूं देणार नाहीं, असें पाळकांना लेखी वचन द्यावें लागलें. जवळ पैसा नाहीं, पगार तुटपुंजा. तरी वाल्डर्सबाखची शाळा उभी राहिली व पुढील वर्षांत पांचहि गांवांना स्वतःच्या शाळा झाल्या. तेथें वाचन, लेखन, हिशेब, शुद्ध फ्रेंच भाषा, भूगोल, शेतीचीं मूलतत्त्वें व गायन शिकवीत. भूगोल शिकवितांना आधीं आपल्या खोऱ्याचा नकाशा, मग प्रांताचा, मग फ्रान्सचा, मग युरोपचा असा क्रम असे. मुलें डोंगरांत जाऊन वनस्पती गोळा करीत, त्यांचीं नांवें व गुण लिहीत, व कांहीं रोपें आणून आपापल्या वाफ्यांत लावीत.

परंतु ज्या गोष्टीमुळें ओबरलिन यांचें नांव शिक्षणाच्या इतिहासांत राहिलें ती या शाळांची नव्हे, व तिची सुरुवातहि त्यांनीं केलेली नव्हे. ती एका शेतकऱ्याच्या मुलीनें केली. बेलमों गांवीं सारा बांझे नांवाची एक तरुण मुलगी राहत होती. आईबाप शेतावर गेले म्हणजे तान्हीं सोडून बाकीचीं लहान मुलें वाटेवर, उकिरड्यावर, नदीकांठीं दिवसभर भटकत असत. सारानें आपण होऊन त्यांतील कांहींना घरांत जमवावें, गोष्टी सांगाव्या व हातीं सुया देऊन विणकाम शिकवावें, असें सुरूं केलें. बापाला तें मुळींच रुचलें नाहीं. मुलगी दिवसभर परक्यांचीं पोरें सांभाळते व घरीं दिडकी येत नाहीं, हें कोणता गरीब बाप सहन करील? ओबरलिन यांच्या कानीं ही गोष्ट गेली. त्यांनीं बापाला उदारपणाचे पाठ दिले नाहींत. १७६९ सालीं त्यांनीं रीतसर करार करून साराला पगारी शिक्षिका नेमलें. तक्रार मिटली आणि काम चाललें.

आम्ही या कराराला फार महत्त्व देतों. लहान मुलांकडे पाहणें ही बायकांची सहज करावयाची गोष्ट, तिला मोल कसलें, अशी समजूत त्या काळीं सर्वत्र होती व ती आजहि पुरती गेली आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. श्टूबर यांनीं नवें नांव देऊन पंतोजीची लाज घालविली. ओबरलिन यांनीं वेतन देऊन एका खेडवळ मुलीचें काम हें काम ठरविलें. सारा १७७४ सालींच वारली. तिला तिशीहि गांठतां आली नाहीं. परंतु तोंपर्यंत दुसऱ्या गांवांतूनहि तिच्यासारख्या मुली पुढें आल्या होत्या.

या बालशाळांना तेथील लोक विणकामाच्या शेगड्या असें म्हणत. नांव विचित्र आहे खरें, पण त्याचें कारण साधें. हिंवाळ्यांत घरांतील एकच खोली शेगडीनें उबदार ठेवीत, आणि शाळा भरावयाची ती तशाच खोलींत. दोन तीन वर्षांपासून सहा सात वर्षांपर्यंतचीं मुलें तेथें येत. अगदीं लहान असत तीं खेळत. त्यांहून मोठीं असत तीं विणणें, कातणें, शिवणें शिकत. मुलगे व मुली दोघेंहि विणीत. मध्येंच शिक्षिका रंगीत चित्रें दाखवी, कधीं पशुपक्ष्यांचीं, कधीं शास्त्रांतील प्रसंगांचीं, व त्यांवर मुलांशीं बोले. बोलणें शुद्ध फ्रेंच भाषेंत चाले, म्हणून अक्षरओळख होण्यापूर्वींच मुलांच्या कानांवर ती भाषा पडे. हवा चांगली असली म्हणजे सर्वांनीं बाहेर फिरावयास जावयाचें व वाटेंतल्या फुलांचीं नांवें शिकावयाचीं. मोठी शाळा सुरूं होईपर्यंत मुलाला बसण्याची संवय, ऐकण्याची संवय व हाताला वळण लागलेलें असे. खोल्यांचें भाडें व शिक्षिकांचें वेतन यांचा बराच भार ओबरलिन यांच्या स्वतःच्या पैशावर पडे.

शिक्षिकांना तयार कोण करी? पाळकांची पत्नी मादलेन सालोमे. ती स्ट्रासबुर्गच्या विटर घराण्यांतील. १७६८ सालीं त्यांचा विवाह झाला होता. शहरी सुखांत वाढलेल्या या बाईनें डोंगरांतील पाळकगृहांत येऊन विणकामाच्या मुलींना शिकविलें, गांवोगांवच्या शाळांवर देखरेख केली, व स्वतःचीं नऊ बाळंतपणें काढलीं. १७८३ च्या जानेवारींत ती वारली. मागें सात मुलें राहिलीं. ओबरलिन यांस हा आघात जन्मभर विसरतां आला नाहीं.

त्या घरांत त्या वेळीं लुईज शेप्लर नांवाची एकोणीस वर्षांची मोलकरीण होती. बेलफॉस गांवच्या एका गरीब शेतकऱ्याची ही मुलगी वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास नोकरीस लागली होती. पाळकीणबाईंच्या हाताखालीं ती बालशाळेचें काम शिकली. त्या गेल्यावर तिनें सात मुलांचें घरहि संभाळलें आणि बालशाळाहि संभाळल्या. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बर्फांतून चालत जाणें हा तिचा नित्याचा क्रम होता. १७९३ सालीं तिनें पाळकांना एक पत्र लिहिलें व यापुढें आपल्याला पगार देऊं नये, पोटच्या मुलीप्रमाणें मानावें, अशी विनंति केली. मुलीसारखी ती आधींच झाली होती. पगार मात्र तिनें पुन्हा घेतला नाहीं. ज्या खोऱ्यांत शिक्षिकेचें वेतन हा पहिला प्रश्न होता, त्याच खोऱ्यांत चोवीस वर्षांनीं एका शिक्षिकेनें आपखुषीनें वेतन सोडावें, हें वाचतांना आमच्या मनांत थोडा गोंधळ उडतो, व तो आम्ही वाचकांपासून लपवीत नाहीं. साराला पैसे मिळाले तें योग्यच झालें. लुईजनें ते नाकारले तेंहि तिचें तिनें ठरविलेलें होतें.

याच सुमारास फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचें वादळ उठलें होतें. देवळें बंद झालीं. ओबरलिन यांनीं उपासनेला नागरिकांच्या सभेचें रूप दिलें, आणि सभेंत पूर्वींच्याच गोष्टी सांगितल्या. निरनिराळ्या धर्मपंथांच्या पळून आलेल्या माणसांना खोऱ्यांत आसरा मिळाला. १७९४ च्या उन्हाळ्यांत ओबरलिन यांना पकडून सेलेस्ता येथें नेण्यांत आलें. परंतु पारीस शहरांत रोबेस्पियेरची सत्ता कोसळली व थोड्याच दिवसांत ते सुटून परत आले. मौजेची गोष्ट अशी कीं, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत राष्ट्रीय सभेनें ओबरलिन व श्टूबर या दोघांचा, फ्रेंच भाषेच्या प्रसारासाठीं केलेल्या कार्याबद्दल, सन्मानपूर्वक उल्लेख केला. उन्हाळ्यांत कैदी, पावसाळ्याच्या अखेरीस सन्मान. राज्यकर्त्यांची मर्जी ती हीच. श्टूबर यांचें नांव सरकारी कागदांत आलें, याचें आम्हांस अधिक समाधान वाटलें.

ओबरलिन यांच्या ठिकाणीं विक्षिप्तपणा नव्हता असें मात्र नाहीं. कोणास कोणता रंग आवडतो यावरून स्वभाव ओळखतां येतो, अशी त्यांची समजूत होती. भेटावयास आलेल्यांच्या चेहऱ्याच्या छायाकृति काढून ते जपून ठेवीत. परलोकाचा त्यांनीं नकाशा काढला होता, आणि मृत पत्नी आपणांस भेटते असें ते मानीत. प्रत्येक कुटुंबाची बारीकसारीक नोंद त्यांच्या वहींत असे. एवढी नोंद गांवांतील सर्वांनाच रुचत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या शिस्तीनें रस्ते झाले तीच शिस्त घराच्या उंबऱ्याआंत आली म्हणजे जाच वाटणें साहजिक आहे. पण गुलामांच्या श्रमानें पिकते म्हणून साखर व कॉफी त्यांनीं आपल्या घरांतून काढून टाकली, तेव्हां त्या शिस्तीचा पहिला बोजा त्यांनीं स्वतःवरच घेतला, हेंहि सांगितलें पाहिजे.

खोऱ्यांतील लोकांना घरबसल्या मजुरी मिळावी म्हणून ओबरलिन यांनीं कापूस कातण्याचा धंदा आणला होता. यंत्रें निघालीं आणि हातानें कातणाऱ्यांचा घांस गेला. तेव्हां बासलकडील लग्रां घराण्यानें १८१३ च्या सुमारास आपला रेशमी फितींचा धंदा फूदे येथें आणला व माग घरोघर बसविले, म्हणजे आईबाप आणि मुलें एकत्र राहून काम करूं शकत. याच घराण्यांतील दानिएल लग्रां यांनीं पुढें कारखान्यांत मुलांकडून किती तास काम घ्यावें यास सर्व देशांनीं मिळून कायदा करावा, यासाठीं जन्मभर खटपट केली. पाषाणखोऱ्यांतील शाळा त्यांनीं जवळून पाहिल्या होत्या.

उतारवयांत ओबरलिन यांच्याकडे मान आपण होऊन चालत आला. १८१८ सालीं पारीसच्या राजकीय कृषिसंस्थेनें त्यांना सुवर्णपदक दिलें. पुढच्याच वर्षीं लीजन ऑफ ऑनर ही पदवी मिळाली. दूरदूरच्या देशांतून माणसें शाळा पाहावयास येऊं लागलीं. १८१६ सालीं रॉबर्ट ओवेन यांनीं स्कॉटलंडमध्यें न्यू लानार्क येथें गिरणीकामगारांच्या मुलांसाठीं बालशाळा उघडली, व पुष्कळ ठिकाणीं तीच पहिली म्हणून सांगतात. त्या वेळीं साराच्या कराराला सत्तेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. पुढें पारीसमध्येंहि बालशाळा निघाल्या, व १८८१ सालीं फ्रेंच सरकारनें त्यांना मातृशाळा असें नांव दिलें.

१ जून १८२६ रोजीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, ओबरलिन वाल्डर्सबाख येथें वारले. त्यांचें दफन फूदे गांवच्या देवळाच्या आवारांत झालें. गांवकरी त्यांना बाबा ओबरलिन म्हणत; तेंच नांव त्यांच्या कबरेवरील लोखंडी क्रुसावर आहे. सात वर्षांनीं, १८३३ सालीं, अमेरिकेंत ओहायो संस्थानांत एक महाविद्यालय निघालें, त्याला त्यांचें नांव देण्यांत आलें. १८३५ पासून तें कृष्णवर्णी विद्यार्थ्यांसाठीं खुलें झालें, व १८४१ सालीं तेथून तीन स्त्रिया पदवी घेऊन बाहेर पडल्या. नांव ज्यांचें दिलें ते कधीं अमेरिकेस गेले नव्हते.

लुईज मागें राहिली. ओबरलिन यांच्या मुलांनीं वडिलांच्या मिळकतींत तिला बरोबरीचा वांटा देऊं केला. तिनें तो घेतला नाहीं. आपल्या नांवापुढें ओबरलिन हें नांव लावण्याची परवानगी तेवढी मागितली. १८२९ सालीं फ्रेंच विद्वत्सभेनें सद्गुणाचें मोंत्यों पारितोषिक तिला दिलें. त्या सभेंत तिच्या कामाची हकीकत सांगावयास उभे राहिले ते क्यूव्हिये, प्राण्यांच्या अस्थींवरून लुप्त सृष्टीचा शोध लावणारे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. १८३७ च्या जुलैंत ती वारली. त्याच वर्षीं फ्रोबेल यांनीं जर्मनींत ब्लांकेनबुर्ग येथें आपल्या बालशिक्षणाच्या कामास आरंभ केला.

वाल्डर्सबाखच्या पाळकगृहांत आतां संग्रहालय आहे. ओबरलिन यांनीं मुलांसाठीं जमविलेलीं चित्रें, खेळणीं, नकाशे व वाळविलेल्या वनस्पती तेथें जपून ठेविल्या आहेत, आणि आजचीं शाळेचीं मुलें तीं पाहावयास येतात.